वाचनालयातली शनिवारची दुपार

विद्यार्थी मित्रांनो, वाचनालय म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? काचेची कपाटे, वर्तमानपत्रांचे लांब टेबल आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी! आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा वाचनालयातही हे सारे आहे. पण शनिवारी दुपारी त्याच्या मागच्या खोलीतून राळेचा वास येतो. तिथे नववी-दहावीची मुले-मुली तारांना डाख लावत असतात. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि शनिवारी या मुलांबरोबर बसतो. त्या खोलीत मुले काय शिकली आणि मी काय शिकलो, ते आज सांगणार आहे.

प्रयोगशाळा असताना वाचनालय कशाला?

हा प्रश्न अनेक शिक्षक विचारतात. शाळेच्या प्रयोगशाळेत तासाची घंटा वाजते, प्रयोगवही पुरी करावी लागते आणि चुकलेला प्रयोग पुन्हा करायला सवड नसते. २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. ती सोय चांगलीच आहे, पण ज्यांची शाळा निवडली गेली नाही किंवा ज्यांची शाळाच सुटली, त्यांनी कुठे जावे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यामुळे मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा श्रेणींनुसार सरकारी अनुदान मिळते आणि त्यांची दारे सर्वांना खुली असतात. शिवाय 'वाचनालयात जाते' म्हटले की घरचे मुलीला सहसा अडवत नाहीत. आमच्या खोलीत आज मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, त्याचे कारण हेच.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतल्या शेवटच्या सूत्रात ग्रंथालयाला सतत वाढत राहणाऱ्या सजीवाची उपमा आहे. मग त्या वाढीत एक टेबल, चार पक्कड आणि एक सोल्डरिंग आयर्न बसायला हरकत कोणती?

माझी पहिली चूक

पहिल्या शनिवारी २२ मुले आली. मी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला, ट्रान्झिस्टरची आकृती काढली आणि तासभर बोललो. दुसऱ्या शनिवारीही तेच केले. तिसऱ्या शनिवारी सहा जण उरले! मी वाचनालयात महाविद्यालय भरवले होते.

त्या दिवशी योगायोगाने गावातले मोटार वाइंडिंग करणारे काका वर्तमानपत्र वाचायला आले होते. ते मागच्या खोलीत डोकावले, एका मुलाशेजारी बसले आणि काही न बोलता त्याच्या हातातली तार सोलून दाखवली. मग पक्कड त्याच्या हाती दिली. पुढचा अर्धा तास ते फक्त पाहत होते. मुलाने तार तीनदा तोडली, चौथ्यांदा जमली.

मला आपल्या जिल्ह्यातले जुने कारागीर आठवले. भंडाऱ्याची पितळी भांडी घडवणारे, मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे कापड विणणारे हात शेजारी बसूनच तयार झाले. मार्गदर्शक समोर उभा नसतो, शेजारी बसलेला असतो. त्या दिवसापासून मी फळा भिंतीकडे वळवून ठेवला. काका दर शनिवारी येऊ लागले. सुट्टीत गावी येणारी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनीही 'ताई' म्हणून बसू लागली.

बांधीतले पाणी

आमची पहिली वस्तू होती टाकी भरल्याची सूचना देणारा दिवा. साहित्य साधे: ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक एलईडी, दोन रोधक आणि दोन उघड्या तारा. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत.

पाण्यात विरघळलेले क्षार आयनांच्या रूपात असतात, म्हणून तारा पाण्यात बुडाल्या की थोडा विद्युतप्रवाह वाहतो. पण तो किती? एक-दोन दशांश मिलिअँपिअर! एवढ्याने दिवा नीट उजळणार नाही. हा क्षीण प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला, की कलेक्टरमधून त्याच्या शंभर पटींहून अधिक प्रवाह वाहू शकतो आणि दिवा लागतो. लहान पोराने कालव्याचे दार उघडावे आणि पाण्याचा लोंढा सुटावा, तसेच हे!

दिवा लागला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, टाकी आमच्याकडे नाहीच. बाबा रात्री टॉर्च घेऊन बांधीत पाणी पाहायला जातात. तिथे साप असतात. त्यासाठी काही होईल का?"

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांधलेला तुकडा. आमच्याकडे उन्हाळी धानाला पंपाने पाणी देतात आणि शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. मुलीच्या प्रश्नाने खोलीतला खेळ संपला आणि काम सुरू झाले.

ताईने एक माहिती शोधून आणली. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून-पालटून ओल देण्याची पद्धत विकसित केली आहे. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, भोके पाडलेली नळी बांधीत रोवायची. नळीतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले, की पुन्हा पाणी द्यायचे. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ सोडला, तर बांधी सतत भरलेली ठेवावी लागत नाही. या पद्धतीने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते आणि चिखलातून निघणारा मिथेन वायूही घटतो.

तीन वेळा बदललेले मंडल

आता दिवा उलटा हवा होता: पाणी उतरले की लागणारा. मी हळूच सुचवले, "एलईडी ट्रान्झिस्टरला समांतर जोडून पाहा." पाणी असताना ट्रान्झिस्टर सारा प्रवाह स्वतःतून नेतो आणि दिवा विझतो. पाणी उतरले की ट्रान्झिस्टर बंद होतो आणि दिवा लागतो. मंडल चालले आणि मी मनातून खूश झालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी संपली! मुलांनी हिशेब मांडला. दिवा लागो वा विझो, मंडलातून १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतच होता. बॅटरीची क्षमता सुमारे ४०० मिलिअँपिअर-तास. ४०० भागिले २० म्हणजे २० तास! शिवाय तांब्याच्या एका तारेवर हिरवट थर चढला होता. सतत एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे पाण्यात विद्युत अपघटन होऊन तार झिजत होती.

एका मुलाने दाबायचे बटण सुचवले. दाबले तेवढाच वेळ प्रवाह वाहील, म्हणजे बॅटरी टिकेल आणि तारही कमी झिजेल. लांब तार टाकून बटण आणि दिवा पंपाजवळ आणायचे, म्हणजे अंधारात बांधीत उतरायला नको. ३० मीटर तारेचा रोध थोडेच ओहम असतो. पाण्याच्या हजारो ओहमपुढे तो नगण्य. पंपाच्या विजेशी मात्र या मंडलाचा कोणताही संबंध येऊ द्यायचा नाही, हे काकांनी दोनदा बजावले.

सगळे ठरले असे वाटत असतानाच त्या मुलीने विचारले, "बटण दाबले आणि दिवा लागला नाही, तर त्याचा अर्थ पाणी आहे की बॅटरी मेली?"

खोली शांत झाली. माझ्या उलट्या मंडलात अंधार म्हणजे 'पाणी आहे'. बॅटरी संपली किंवा तार तुटली, तरी अंधारच! तिचे बाबा निश्चिंत झोपले असते आणि धान वाळले असते. मुलीने एलईडी काढून पहिल्या जागी जोडला. आता दिवा म्हणजे पाणी आहे. अंधार म्हणजे पाणी उतरले किंवा उपकरण बिघडले. दोन्ही वेळा जाऊन पाहणे भाग आहे. उपकरण बिघडलेच, तर ते नुकसान टळेल अशा बाजूने बिघडले पाहिजे. रेल्वेचे सिग्नल रचतानाही अभियंते हेच तत्त्व पाळतात. एवढी वर्षे ट्रान्झिस्टर शिकवूनही मला ते सुचले नव्हते, कारण रात्री बांधीवर जाणारे माझे कोणी नव्हते.

हे इतरत्रही घडले आहे

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे गावाला उपयोगी पडणारी कामे करीत विज्ञान शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडवणारी यंत्रे अशा रीतीने एका खेड्यातल्या मुलांच्या हाती आली. बोस्टनच्या संगणक संग्रहालयात १९९३ मध्ये किशोरांसाठी 'कॉम्प्युटर क्लबहाउस' निघाले, तर शिकागोच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयात २००९ मध्ये 'यूमीडिया' हे दालन सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी मुले आपल्या आवडीचे काम निवडतात आणि जाणती माणसे त्यांना साथ देतात.

उलट, महागडे संच आणून कपाटात कुलूपबंद ठेवलेली एक संस्थाही मी पाहिली आहे. 'मुले खराब करतील, हिशेब कोण देणार?' हे तिथले उत्तर. खराब होऊ द्यायचे नसेल, तर शिकवायचेच कशाला?

तुमच्या गावी सुरू करायचे तर

शिक्षकांनी प्रथम वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटावे आणि आठवड्यातली एक ठरावीक दुपार मागावी. वस्तूंच्या आधी माणसे शोधावीत: रेडिओ दुरुस्त करणारा, सुतार, शिवणकाम जाणणाऱ्या बाई, महाविद्यालयातले ताई-दादा. एकाजवळ चार-पाचच मुले असावीत. काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच चालावे, सोल्डरिंगला मोठे माणूस जवळ असावे, खिडकी उघडी असावी. कपाटातली विज्ञानाची पुस्तके टेबलावर आणून ठेवावीत. अडले की मुले ती आपोआप उघडतात. दिवस मावळण्यापूर्वी मुली घरी पोचतील अशी वेळ ठेवावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पहिल्या दिवशी फक्त एक प्रश्न घेऊन जा. तो पुस्तकातला नको, घरातला किंवा शेतातला असू द्या. आमच्या त्या मुलीची नळी आता बांधीत रोवलेली आहे. पंप किती तास चालला, याची नोंद ती वहीत ठेवते. हंगाम संपला की वाचलेल्या पाण्याचा हिशेब ती मागच्या खोलीत सर्वांसमोर मांडणार आहे. त्या दिवशी तिच्या शेजारी मी बसणार आहे, विद्यार्थी म्हणून.