खाली ऐकू जाणारे ‘थांब’

पुण्यात ‘हेल्मेट’ हा शब्द उच्चारला की सक्ती, विरोध आणि वाचकांची पत्रे ओघाने येतातच. इथला विषय मात्र दुचाकीवरच्या हेल्मेटचा नाही. तो झाडावर चढणाऱ्याच्या हेल्मेटचा, आणि त्यातही त्याच्या कानांवर बसणाऱ्या हेडसेटचा आहे. वर चेन-सॉ चालवणारा आणि खाली दोर धरणारा यांना, मशीन चालू असतानाही, एकमेकांशी साध्या आवाजात बोलता यावे अशी ही सोय. आपल्याकडे ही वस्तू दिसते ती बहुधा लांबच्या सफरींना निघालेल्या मोटारसायकलवाल्यांच्या डोक्यावर. फांद्या छाटणाऱ्या मजुरासाठी ती चैन समजली जाते. मोकळ्या माळावर ती एक वेळ चैन असेलही. नारायण पेठेत ती गरज आहे, असे माझे म्हणणे आहे.

पेठेतले झाड कसे उभे असते ते आधी पाहू. मुंजाबाच्या बोळासारख्या गल्लीत एका अंगाला जुनी भिंत, दुसऱ्या अंगाला नवी इमारत, मध्ये दुचाक्या लावून उरेल तेवढी वाट, आणि डोक्यावर केबल-इंटरनेटच्या वायरींचे जाळे. हायड्रॉलिक शिडी आत वळत नाही, म्हणून माणूसच चढवावा लागतो. कापलेली फांदी खाली टाकून द्यायला जागा नसते. ती दोराला बांधून, दोराचे दोन-तीन वेढे बुंध्याला घालून, थोडा थोडा दोर सोडत उतरवावी लागते. एक फूट जाडीची, दोन मीटर लांबीची ओली फांदी सव्वाशे किलोच्या आसपास भरते. पत्र्यावर किंवा कौलांवर ती आदळली तर काय होईल ते सांगायला नको. आणि हे सगळे चालू असताना वरचा माणूस पानांच्या नाहीतर भिंतीच्या आड असतो, दोरवाला बोळाच्या तोंडाशी. मुंजाच्या धाकाने पिंपळाला हात लावायला कचरणारी माणसे अजून भेटतात. दोरवाल्याला वरचे ऐकू येत नाही याचा धाक मात्र कोणाला वाटत नाही.

ऐकू का येत नाही, याचा हिशोब सोपा आहे. पेट्रोलवरच्या चेन-सॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ११० डेसिबलच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मापाने ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. त्या हिशोबाने ११० डेसिबलला जेमतेम दीड मिनिट उरते. म्हणून कानांवर आवाज अडवणारे मफ हवेतच. आता खालून कोणी जिवाच्या आकांताने ओरडला आणि त्याच्या तोंडापासून एक मीटरवर तो आवाज ९० डेसिबल असला, तरी दहा मीटरवर तो सत्तरपर्यंत उतरतो. मफ काढून ठेवले तरी ११० पुढे ७० टिकत नाहीत. ‘कान मोकळे ठेवले की ऐकू येते’ हा समज मशीन थांबलेले असतानाच खरा आहे. हेडसेटमध्ये स्पीकर मफच्या आतच असतो, त्यामुळे मशीनचा आवाज बाहेर अडतो आणि सोबत्याचा आवाज आत पोचतो. मग कान वाचवायचे की जीव, अशी निवड करावी लागत नाही.

‘मग वॉकी-टॉकी काय वाईट?’ ती स्वस्त आहे, आणि ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात, हे खरे. पण तिचे बटण दाबायला एक हात लागतो, आणि चेन-सॉ दोन्ही हातांनी धरायची असते. दोरवाल्याचेही दोन्ही हात दोरावर. ज्या क्षणी बोलणे सर्वांत गरजेचे, नेमक्या त्याच क्षणी बटण दाबता येत नाही. आवाज ओळखून आपोआप सुरू होणारे संच बहुधा पहिले अक्षर गिळतात, आणि मशीनच्या आवाजानेही सुरू होतात. कामाची ती कायम उघडी राहणारी, दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येणारी लाइन. तिचा माइक ओठांना जवळजवळ चिकटलेला असतो आणि त्याला पुढून-मागून अशी दोन छिद्रे असतात. लांबचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि बराचसा रद्द होतो. ओठांजवळचा शब्द पुढच्या छिद्रात जास्त शिरतो, म्हणून तो उरतो.

तरीही यंत्राने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे भाषेचे आहे, आणि मराठी इथे जरा दगा देते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘सोडू नको’ मधला ‘नको’ गोंगाटात बुडाला, की खाली उरतो तो ‘सोडू’, म्हणजे नेमके उलटे. ‘ओढ’ आणि ‘सोड’ यांचे यमक कवितेत शोभेल, दोरावर ते जीवघेणे आहे. ‘ताण’ आणि ‘थांब’ खरखरीत सारखेच वाटतात. त्यापेक्षा ‘खेच’, ‘ढील’ आणि ‘थांब’ हे तीन शब्द पुरेत, आणि ‘नको’ हा शब्द कामापुरता बाद करावा. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत उच्चारायचा, मगच हात हलवायचा. अमेरिकेतल्या वृक्षकर्मींच्या ‘झेड-१३३’ या सुरक्षा मानकातही वरून इशारा आणि खालून उत्तर अशी जोडी सांगितली आहे. हेडसेट नसला तरी ही शिस्त फुकट मिळते. आधी ती बाणवावी, मग यंत्र घ्यावे.

हातवाऱ्यांवर इतकी वर्षे कामे झाली, असे ठेकेदार म्हणतील. झाली; पण हातवारे दिसावे लागतात, आणि पेठेत दिसण्याचीच पंचाईत आहे. उघड्या लाइनवर गप्पा रंगतील हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. त्यावर इलाज मुकादमाचा, यंत्राचा नव्हे. खालच्या माणसाला स्कूटरचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, हेही बरोबर. त्यासाठी बाहेरचा बेताचा आवाज आत घेणारे आणि मोठा रोखणारे मफ मिळतात, दोरवाल्याला तसलेच द्यावेत. हेल्मेटला मात्र भोक पाडून काही बसवू नये, त्याने कवच कमजोर होते. राहता राहिला पैसा. बऱ्या जोडीला काही हजार लागतात आणि ठेकेदाराला ते जड जातात, हे मान्य. पण घराची कौले बदलायलाही काही हजार लागतात, आणि माणूस बदलता येत नाही.

शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे, महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला आहे. झाडाची इतकी चौकशी करणारे आपण त्यावर चढणाऱ्याबद्दल फक्त ‘किती घेणार?’ एवढेच विचारतो. पावसाळ्याआधी, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीआधी लक्ष्मी रस्त्याच्या आसपास छाटणी निघेल, तेव्हा सोसायटीने माणूस वर चढवण्याआधी ठेकेदाराला आणखी एक प्रश्न विचारावा: मशीन चालू असताना वरचा ‘थांब’ म्हणाला, तर खालच्याला ते कशातून ऐकू येणार?