'डूलाली' म्हणजे आपली देवळाली!



दारू पिऊन झिंगलेल्या माणसासाठी इंग्रजीत वाक्प्रचारांची कमी नाही. 'थ्री शीट्स टू द विंड' हा त्यातला गाजलेला. इथे शीट म्हणजे कागद किंवा चादर नव्हे, तर जहाजाच्या शिडाला बांधलेली दोरी. दोऱ्या सुटल्या की शीड नुसतंच फडफडतं आणि जहाज पिऊन चालणाऱ्यासारखं हेलकावे खातं. पण याच्या शेजारचा एक शब्द थेट आपल्या नाशिकचा आहे, आणि तो नाशिककरांनाच फारसा माहीत नसतो. तो शब्द 'डूलाली'. इंग्लंडमध्ये एखादा डूलाली झाला म्हणजे त्याचं डोकं फिरलं.

हे डूलाली म्हणजे आपली देवळाली. 'ळ' इंग्रजांच्या जिभेला जमायचा नाही, मग 'देवळाली'चं 'डूलाली' झालं. (आपणही त्यांच्या 'लॉर्ड'चा 'लाट' केलाच की!)

१८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याने देवळालीला छावणी उभारली. इंग्लंडहून आलेले शिपाई इथे थांबून पुढे जायचे आणि नोकरीची मुदत संपलेले परतीच्या जहाजासाठी इथेच येऊन थांबायचे. गोम अशी, की सैनिकांची जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटायची. मार्चनंतर ज्याची मुदत संपली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. हत्यारं जमा झालेली, काम जवळजवळ नाही, घर हजारो मैल लांब. मग दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, हिवताप. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात लिहिलंय, की वर्षानुवर्षं चांगली वागलेली माणसंसुद्धा इथे येऊन बिघडत आणि जहाजावर चढण्याआधी तुरुंगात जात.

मूळ वाक्प्रचार आहे 'डूलाली टॅप'. मला सगळ्यात मजा वाटते ती या 'टॅप'ची. तो नळ नव्हे आणि टपली तर नव्हेच. हिंदी-उर्दूतला 'तप', म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो, तो याचा सख्खा भाऊ. पुढे 'टॅप' गळाला आणि नुसतं गावाचं नाव उरलं. आता तिकडे हरवलेली किल्ली शोधून वैतागलेली आजीसुद्धा सहज म्हणते, मी डूलाली व्हायची वेळ आली.

वर्गात हे सांगताना मुलं हसतात, हसू द्यावं. पण एक गोष्ट जरूर बोलावी. ते शिपाई काही गंमत म्हणून वेडे झाले नव्हते. रिकामपण, आजार आणि घरची ओढ यांनी त्यांना पोखरलं होतं. त्यातले बरेच विशी-तिशीचे. आपणही 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला पाठवा' असं सहज बोलतो. ती दोन्ही मनोरुग्णालयांची गावं. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरचं माणूस खरंच तिथे उपचार घेत असेल, तर त्याच्या कानाला हे कसं लागेल?

पाचवीच्या पुढच्या मुलांना नकाशावर मुंबई बंदर, कसारा घाट, इगतपुरी, देवळाली असा रेल्वेमार्ग शोधायला लावा. छावणी इथेच का, हे त्यांना विचारा. माझ्या वर्गातलं पहिलं उत्तर होतं, "बाई, इथे गार असतं ना!" दुसरं रेल्वेचं. दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहून घेतली.