फारसी ऐकणाऱ्यांची परीक्षा

सकाळी ६. लोकल टिटवाळ्याहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. कल्याणची गर्दी चढण्याआधी हेडफोन लावून आजच्या परीक्षेतले संवाद पुन्हा ऐकते. पुस्तकात असतं 'नान', 'खाने', 'मीरवम'. तेहरानचा माणूस बोलताना म्हणतो 'नून', 'खुने', 'मीरम'. म्हणून परीक्षेत संथपणे वाचलेला उतारा मी ठेवत नाही. तसं कुणी रस्त्यावर बोलत नाही.

९. फोर्टातला वर्ग. फारसी न येणाऱ्या एका सहकारी बाईंना आधी नुसते प्रश्न सोडवायला देते, संवाद न ऐकवता. त्यांना अंदाजाने जमलेले प्रश्न बाद. बाजार, हजार, दरवाजा हे शब्द मराठी माणसाला येतातच. तेवढ्यावर सुटणारा प्रश्न कानाची परीक्षा घेत नाही.

१०. प्रश्न आधी वाचायला दिले, मग संवाद दोनदा लावला. "मॅडम, अजून एकदा?" नाही. उत्तरं मात्र मराठीत लिहायची, कारण आज मला त्यांचं फारसी लेखन तपासायचं नाही.

१२. तपासणी. संवादात गिऱ्हाईक किंमत विचारतं. दुकानदार म्हणतो, 'काबेली नदारे.' काहींनी लिहिलं, 'माल चांगला नाही.' काहींनी, 'फुकट दिला.' खरं तर हा तआरोफ, इराणी शिष्टाचार: तुमच्यापुढे याची काय किंमत, असं नम्रपणे म्हणायचं. गिऱ्हाईक पुन्हा विचारतं, दुकानदार रक्कम सांगतो आणि पैसे दिले जातात. म्हणजे उत्तर पुढच्याच वाक्यांत होतं. ओळखीचा शब्द सापडताच ज्यांनी ऐकणं थांबवलं, ते चुकले. हा प्रश्न मी कधीच वगळणार नाही. रक्कम तोमानात लिहा की दहापट करून रियालात, दोन्हीला पूर्ण गुण. इथे हिशेब तपासायचा नाही.

३. इतिहासाचे विद्यार्थी येतात. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांचे 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड, सेतुमाधवराव पगडींचं काम; मराठीतली फारसीची परंपरा कागद वाचणाऱ्यांची, आणि ती थोर आहे. जुनी पत्रं वाचणाऱ्याला बोली कशाला, असं ते विचारतात. पत्रांपुरती नाही लागत, हे मी मान्य करते. पण आज इराणी अभ्यासकाशी बोलायचं, तर कान हवाच.

संध्याकाळी ७. कसारा लोकल. उभ्यानेच उद्याचे प्रश्न मनात जुळवते.

फारसी शिकवणाऱ्या सगळ्यांना विनंती: ऐकण्याला वेगळे गुण ठेवा, आणि संवाद खऱ्या बोलण्यातले घ्या.