जलक्रीडेच्या नौका आणि साधने : निवड व दक्षता

महाराष्ट्रातील धरणे बांधली गेली ती प्रामुख्याने शेतीला पाणी, नगरांना पिण्याचे पाणी आणि उद्योगांना वीज मिळावी म्हणून. परंतु जेथे पाण्याचा विस्तार असतो, तेथे माणूस विसाव्यासाठी आणि क्रीडेसाठीही येतोच. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचे तापोळे, नाशिकजवळील गंगापूर धरणाचा जलाशय, मालवण आणि तारकर्ली येथील सागरकिनारा ही स्थळे नौकाविहार व जलक्रीडा यांसाठी आज सर्वपरिचित झाली आहेत. अनेक गावांतील तरुणांना या व्यवसायाने उपजीविकेचे नवे साधन मिळवून दिले आहे.

गावाजवळच्या जलाशयात यांत्रिक नौका सुरू करण्याची कल्पना पुढे आली, की पंचायतीच्या सदस्यांपुढे काही प्रश्न उभे राहतात. कोणती नौका योग्य? तिच्यावर कोणती साधने असावीत? ती चालविणाऱ्याला काय येत असले पाहिजे? शाळेची सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकानेही नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी हेच प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे फार अवघड नाहीत; मात्र ती आधी माहीत असावी लागतात. पाण्यावर चूक झाल्यानंतर विचार करण्यास सवड मिळत नाही. या दृष्टीने, जलक्रीडांपैकी नौकेकडून आणि साधनांकडून सर्वांत अधिक अपेक्षा ठेवणारा जो खेळ, त्या ‘वॉटर स्की’चा आधार घेऊन काही व्यावहारिक माहिती येथे देत आहोत.

खेळाची पूर्वपीठिका

वॉटर स्की म्हणजे पायांना पट्ट्या बांधून, वेगवान नौकेला जोडलेल्या दोराच्या आधारे पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणे. या खेळाचा उगम अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. लेक सिटी या गावचा १८ वर्षांचा तरुण राल्फ सॅम्युएलसन याने २ जुलै १९२२ रोजी पेपिन सरोवरावर हा प्रयोग यशस्वी केला. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या पट्ट्या वापरून त्याने केलेले आधीचे प्रयत्न फसले होते. मग पाइनच्या लाकडाच्या सुमारे ८ फूट लांबीच्या दोन फळ्या घेऊन त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वाकविली. शरीर मागे कलते ठेवून पट्ट्यांची टोके पाण्याबाहेर राखली, तर माणूस पाण्यावर उभा राहू शकतो, हे त्याच्या ध्यानी आले. नवशिक्याला आजही पहिला धडा हाच दिला जातो. पुढे १९४९ मध्ये फ्रान्समध्ये या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याची प्रात्यक्षिके दाखविण्यात आली.

ओढणारी नौका

माणसाला ओढून नेणारी नौका आणि प्रवाशांना फिरवून आणणारी नौका यांत मूलभूत फरक आहे. ओढणाऱ्या नौकेचा तळ बराचसा सपाट असतो, त्यामुळे ती लवकर वेग घेते आणि तिच्यामागे उठणारी लाट लहान राहते. समुद्रावर किंवा वाऱ्याच्या पाण्यात मात्र अशी नौका आदळत जाते. तेथे खोल, निमुळत्या तळाची नौका अधिक भरवशाची. म्हणून शांत जलाशयासाठी घेतलेली नौका खुल्या समुद्रावर नेणे हितावह नाही.

इंजिन दोन प्रकारे बसविलेले असते. स्पर्धेच्या नौकांत ते तळाशी मध्यभागी असते आणि पंखाही नौकेच्या तळाखाली असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसते ते मागच्या फळीला अडकविलेले इंजिन. त्याची किंमत व दुरुस्तीचा खर्च कमी असतो. परंतु पंखा अगदी मागे उघडा असल्याने पाण्यातील माणसास त्याचा धोका अधिक असतो. दोन पट्ट्यांवर उभ्या राहणाऱ्या एका नवशिक्याला ओढण्यास लहान नौकेवर साधारणपणे ५० ते ६० अश्वशक्तीचे इंजिन पुरते. एका पट्टीवरील वेगवान खेळासाठी याहून पुष्कळ अधिक शक्ती लागते.

जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनातच मिसळलेले असते आणि त्या मिश्रणाचा काही भाग न जळता पाण्यात जातो. ज्या जलाशयाचे पाणी गावे आणि शहरे पितात, तेथे अशी इंजिने वापरू नयेत. फोर-स्ट्रोक इंजिनाचाच आग्रह धरावा.

दोर कोठे बांधला आहे, याकडेही लक्ष द्यावे. ओढण्याच्या नौकेत तो मध्यभागी पक्क्या बसविलेल्या खांबाला किंवा मागील बाजूस अगदी मध्यावरील भक्कम कडीला बांधतात. तो एका कोपऱ्यास बांधला, तर ओढ एकाच बाजूने येऊन नौका वळविणे कठीण होते. आसनाच्या दांड्याला किंवा कठड्याला दोर बांधणे सर्वथा वर्ज्य होय.

दोर आणि पट्ट्या

ओढण्याचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कारण तो पाण्यावर तरंगतो. नायलॉनचा दोर बुडतो व पंख्यात गुंतण्याची शक्यता असते. शिवाय तो ताणला जातो आणि तुटल्यास चाबकासारखा उसळून परत येतो. हातातील दांडीसह दोराची लांबी सर्वसाधारणपणे २३ मीटर म्हणजे ७५ फूट असते. पिळे सुटलेला, उन्हाने ठिसूळ झालेला किंवा मध्येच गाठ मारलेला दोर काढून टाकावा. जेथे गाठ असते, तेथे दोराची शक्ती निश्चितच घटते.

नवशिक्यासाठी रुंद पट्ट्यांची जोडी योग्य. रुंद पट्टी कमी वेगातही माणसाला पाण्यावर तोलून धरते. पायाची पकड घट्ट असावी, पण पडल्यावर पाय सहज सुटला पाहिजे. न सुटणारी पकड घोटा व गुडघा यांस इजा करते. प्रौढ नवशिक्यास ताशी २५ ते ३५ किलोमीटर वेग पुरेसा असतो; मुलांसाठी तो याहून कमी ठेवावा.

जीवरक्षक जाकीट

साधनांत सर्वांत महत्त्वाचे कोणते, असे विचारल्यास उत्तर एकच : जीवरक्षक जाकीट. माणसाचे शरीर पाण्यात बुडते ते फार जड असते म्हणून नव्हे. पाण्यात त्याचा भार अवघा काही किलोग्रॅमच उरतो. तेवढाच भार उचलून धरणारे साधन अंगावर असेल, तर पोहता न येणारा माणूसही तोंड पाण्याबाहेर ठेवून मदतीची वाट पाहू शकतो.

जाकिटाची उचलण्याची शक्ती ‘न्यूटन’ या मापात सांगितली जाते. १० न्यूटन म्हणजे सुमारे १ किलोग्रॅम भार. ५० न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत अगदी जवळ असेल तेथेच उपयोगाचे. आश्रयाच्या शांत पाण्यात १०० न्यूटन, तर खुल्या समुद्रावर १५० न्यूटनचे जाकीट असावे, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा संकेत आहे. वेगाने पाण्यावर पडण्याच्या खेळात हवा भरण्याचे जाकीट उपयोगी नाही. तेथे फोम भरलेले, अंगाशी बसणारेच हवे.

जाकीट अंगावर नीट बसले आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टे व बकले लावल्यावर खांद्याजवळ दोन्ही बाजूंनी धरून ते वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर माप मोठे आहे असे समजावे. मुलांना मोठ्यांचे जाकीट घालणे हा फसवा दिलासा आहे. पाण्यात पडताच मूल त्यातून निसटू शकते. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा अवश्य असावा. जाकिटांवर बसू नये, ती ओली ढिगाने टाकू नयेत. सावलीत वाळवून टांगावीत. फोम कडक झालेले, शिवण उसवलेले, बकल तुटलेले जाकीट नौकेत ठेवण्यापेक्षा बाद करावे. नौकेतील जाकिटांची संख्या माणसांइतकी असावी, हे तर खरेच. परंतु ती आसनाखाली असून भागत नाही, अंगावर असली पाहिजेत.

चालक, निरीक्षक आणि खुणा

ओढण्याच्या नौकेवर दोन माणसे हवीतच. चालकाने पुढे पाहावयाचे आणि निरीक्षकाने मागे, दोरावरील माणसाकडे. एकट्या चालकाने वारंवार मागे वळून पाहत नौका हाकणे, हे अपघातास निमंत्रणच होय.

इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली म्हणजे कमी करा. गळ्यावरून हात फिरविणे म्हणजे थांबा. डोक्यावर हात थोपटणे म्हणजे धक्क्याकडे परत चला. पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर जुळविले, तर ‘मी सुखरूप आहे’ असा अर्थ होतो. ही खूण न दिसल्यास निरीक्षकाने तत्काळ चालकास सावध करावे. पडलेल्या माणसाजवळ नौका सावकाश आणावी, तो चालकाच्या बाजूस राहील असे पाहावे आणि त्याला वर घेण्यापूर्वी इंजिन पूर्ण बंद करावे. पंखा फिरत असताना कोणासही शिडीजवळ येऊ देऊ नये. चालू इंजिनाच्या मागच्या फळीवर बसण्याचीही मनाई असावी, कारण तेथे विषारी धूर साचतो.

चालकाच्या अंगाशी जोडलेली इंजिन बंद करण्याची दोरी हे आणखी एक छोटे पण मोलाचे साधन. चालक फेकला गेला, की दोरी ओढली जाऊन इंजिन थांबते. ती मनगटाला अथवा जाकिटाला न अडकविता नुसती लोंबती ठेवणे, हे दाराला कडी असून ती न लावण्यासारखे आहे.

जेट स्कीबाबत एक गोष्ट पर्यटकांना सहसा ठाऊक नसते. ती पाण्याच्या झोताने वळते. समोर अडथळा दिसताच घाबरून वेगाचा खटका सोडला, की झोत थांबतो आणि ती वळेनाशी होते. हे समजावून दिल्याविना ती कोणाच्याही हाती देऊ नये.

जागेची निवड

जलाशय वरून शांत दिसला, तरी त्याच्या तळाशी जुन्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे आणि विहिरींचे कठडे असू शकतात. पावसाळ्याअखेर जे पुरुषभर पाण्याखाली असते, ते चैत्र-वैशाखात पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते. म्हणून पाण्याची पातळी उतरेल तसा मार्ग पुन्हा तपासावा आणि धोक्याच्या जागी तरंगत्या खुणा लावाव्यात. या कामी त्या पाण्यात वर्षानुवर्षे जाळी टाकणाऱ्या स्थानिक मच्छीमारांइतका जाणकार सल्लागार दुसरा मिळणार नाही. त्यांची जाळी व मासळीचे पिंजरे यांपासून नौकांचा मार्ग दूर ठेवणे हे त्यांच्या हक्काचेही आहे. ओढणाऱ्या नौकेच्या दोन्ही बाजूंना किमान ३० मीटर मोकळे पाणी असावे. पोहण्याची जागा, घाट आणि जनावरे पाण्यावर आणण्याची जागा यांच्याजवळ हा खेळ नसावा.

वाऱ्याचाही विचार करावा. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी नौका अकस्मात सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा बळी गेला. उन्हाळ्यातील दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले, की नौका धक्क्याला लावणे हाच शहाणपणा. त्याच वर्षी १८ जानेवारीस बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. वारा माणसाच्या हाती नाही. माणसांची मोजदाद मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

कायदा आणि पंचायत

१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली आहे. त्यानुसार यांत्रिक नौकांची तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. यंत्र नसलेल्या होड्यांची किमान माहितीही जिल्हा, तालुका व ग्राम पातळीवर नोंदली जावी, असा या अधिनियमाचा दृष्टिकोन आहे. राज्याच्या किनाऱ्यावरील कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. जलाशयाच्या बाबतीत पाटबंधारे विभागाची संमतीही पाहावी लागते. चालकांच्या प्रशिक्षणासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असून तेथे यांत्रिक नौका चालविणे व जीवरक्षण यांचे शिक्षण दिले जाते. गावातील एक-दोन तरुणांना असे शिक्षण मिळाले, तर त्याचा लाभ साऱ्या परिसराला होईल.

पंचायतीने आपल्या धक्क्यावर काही साध्या गोष्टी रूढ कराव्यात. प्रत्येक नौकेच्या बाजूवर तिची क्षमता ठळक मराठी आकड्यांत रंगवावी. त्या आकड्यात चालक व खलाशी यांचीही गणना असावी. धक्क्यावर नोंदवही ठेवून किती माणसे गेली व किती परतली हे लिहावे. अग्निशामक, वल्ही, नांगर, दोर लावलेले जीवरक्षक कडे आणि प्रथमोपचाराची पेटी नौकेत आहे की नाही, हे रोज सकाळी पाहावे. पेट्रोल भरताना नौकेत प्रवासी नसावेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

सहल नेणाऱ्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की नौकेच्या क्षमतेचा आकडा स्वतः वाचावा, मुलांची जाकिटे स्वतः ओढून पाहावीत आणि यांपैकी काही उणे आढळल्यास निःसंकोचपणे नकार द्यावा. मुले थोडा वेळ हिरमुसतील. तथापि संध्याकाळी ती घरी सुखरूप पोहोचतील. नौका-व्यावसायिकांनाही असा नकार पहिल्यांदा नुकसानीचा वाटेल. परंतु ज्या धक्क्यावर नियम पाळले जातात, तेथे लोक विश्वासाने पुन्हा येतात, आणि या व्यवसायाचे खरे भांडवल हा विश्वासच आहे.