हसू ओठांचे आणि डोळ्यांचे

भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचा विचारात आणि वागण्यात उपयोग करण्याची क्षमता, ही संकल्पना पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली. चेहऱ्यावरील भाव वाचणे हा तिचा पाया होय. या वाचनाचा शास्त्रीय अभ्यास मात्र त्याहून बराच जुना आहे. फ्रेंच वैद्य ग्युयोम द्युशेन यांनी, चेहऱ्याची संवेदना जवळजवळ नष्ट झालेल्या एका वृद्धाच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन, उमटणाऱ्या भावांची छायाचित्रे घेतली आणि १८६२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू इच्छेनुसार आकुंचित करता येतो, परंतु डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू, ज्यामुळे गाल वर चढतात व डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात, तो खऱ्या आनंदाखेरीज हलत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे निरीक्षण विलक्षण सूक्ष्म असले तरी पूर्णतः अचूक नव्हते, कारण अनेकांना हा स्नायूही जाणीवपूर्वक आकुंचित करता येतो, हे पुढील संशोधनात आढळले. खुद्द चार्ल्स डार्विन यांनी द्युशेन यांची छायाचित्रे वीसहून अधिक व्यक्तींना दाखवली, तेव्हा काही भावांवर जवळजवळ सर्वांचे एकमत झाले, तर काहींविषयी उत्तरे अगदीच निरनिराळी आली.