चाकाची खांच

गांवाच्या वेशीवरील स्वागताची पाटी, रुग्णालयाची भिंत किंवा बागेंतील बांक, अशा एखाद्या ठिकाणीं सोनेरी दांत्यांचें एक चाक विद्यार्थिमित्रांनीं पाहिलेंच असेल. तें रोटरी क्लब या सेवामंडळाचें चिन्ह होय. परंतु चाकच कां, आणि मधल्या भोकास ती चिमुकली चौकोनी खांच कशाकरितां, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या खांचेची हकीकत येथें सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील शिकागो शहरीं ता. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं पॉल हॅरिस नांवाचे वकील आपल्या तिघां मित्रांसह एकत्र बसले. त्यांपैकीं एक कोळशाचे व्यापारी, एक खाणींचे इंजिनियर व एक कपडे शिवून विकणारे होते. सभा पाळीपाळीनें प्रत्येकाच्या कचेरींत भरे, म्हणून ‘रोटरी’, म्हणजे फिरती, हें नांव पडलें. स्नेह वाढावा व एकमेकांचा धंदाही वाढावा, एवढाच आरंभींचा हेतु होता. लोकसेवेचें त्यांत नांव नव्हतें, आणि हें लपविण्याचें कांहीं कारण नाहीं. १९०६ सालीं डोनाल्ड कार्टर या गृहस्थांस सभासद होण्याची विनंति केली असतां, केवळ आपल्याच माणसांचें हित पाहणारें मंडळ फार काळ टिकणार नाहीं, असें सांगून त्यांनीं नकार दिला. टीका हॅरिस यांस पटली; शहराच्या हिताचा हेतु नियमांत घालण्यांत आला आणि कार्टरही सभासद झाले. पुढील वर्षीं मंडळानें पहिलें लोकोपयोगी काम हातीं घेतलें तें सार्वजनिक शौचगृहाचें! बिअरचे कारखानदार व मोठ्या दुकानांचे मालक यांनीं त्यास विरोध केला. आमच्या गुत्त्यांत व दुकानांत ही सोय आहेच, असें त्यांचें म्हणणें. गरजेपोटीं आंत आलेलें गिऱ्हाईक त्यांस सोडवत नव्हतें, हें उघड आहे.

आतां चाकाकडे वळूं. पहिलें चाक माँटेग्यू बेअर या नक्षी कोरणाऱ्या सभासदानें काढलें. तें साधें गाडीचें चाक होतें. तें जागच्या जागीं उभें दिसतें, अशी तक्रार आल्यावर बेअर यांनीं भोंवतीं धुळीचे लोट काढले. तेव्हां कोणीतरी म्हणालें कीं, धूळ चाकाच्या मागें उडते, पुढें कशी उडेल? बेअर यांनीं धुळीवर मंडळाच्या नांवाची पट्टी काढून तो वाद मिटविला. पुढें गांवोगांवचीं मंडळें आपापल्या मनाप्रमाणें चाकें काढूं लागलीं. कित्येकांचे दांते असे कीं, खऱ्या यंत्रांत तीं चाकें फिरलींच नसतीं. अखेर ऑस्कर ब्योर्गे या इंजिनियराच्या आराखड्यावरून चोवीस दांत्यांचें व सहा आऱ्यांचें चाक ठरलें.

तरीही एक उणीव राहिली. बैलगाडीचें चाक आंसाभोंवतीं मोकळें फिरतें, कारण ओढणारे बैल पुढें असतात. यंत्रांतील गोष्ट निराळी. तेथें आंसानें चाकास, किंवा चाकानें आंसास फिरवावयाचें असतें. याकरितां आंसावर एक खांच व चाकाच्या भोकांत दुसरी खांच पाडून दोहोंमध्यें पोलादाची चावी ठोकतात. चावी नसेल तर आंस गरगर फिरेल आणि चाक ढिम्म राहील. नव्या चिन्हांत ही खांच नव्हती. म्हणजे शोभेचें चाक मात्र झालें, काम कांहींच नाहीं! ही गोष्ट कांहीं सभासदांनीं निदर्शनास आणली आणि १९२४ सालीं खांचेसह चाक कायम झालें. एका चिन्हासाठीं एवढा खल कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो खल मोलाचा वाटतो.

मंडळाच्या तत्त्वांसही अशीच कसोटी लागली. हर्बर्ट टेलर यांनीं १९३२ सालीं बुडत चाललेला भांड्यांचा कारखाना सांवरतांना स्वतःस विचारावयाचे चार प्रश्न लिहून काढले. हें सत्य आहे काय, सर्व संबंधितांस न्याय्य आहे काय, यानें स्नेह वाढेल काय, सर्वांचें कल्याण होईल काय, असा त्यांचा आशय. १९४३ सालीं रोटरीनें ते स्वीकारले. परंतु त्यानंतरही चाळीसांहून अधिक वर्षें स्त्रियांस सभासदत्व नव्हतें! १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील दुआर्ते येथील मंडळानें तीन स्त्रियांस घेतलें, तेव्हां त्या मंडळाचीच मान्यता काढून घेण्यांत आली. प्रकरण न्यायालयांत गेलें. १९८७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्त्रियांच्या बाजूनें लागला आणि १९८९ सालीं सर्व देशांसाठीं नियम पालटला. दुसरा प्रश्न रोज वाचणाऱ्यांस त्याचें उत्तर न्यायाधीशांकडून ऐकावें लागलें, हें या संस्थेच्या मित्रांनींही मान्य केलें पाहिजे.

दुसऱ्या बाजूस पोलिओचें काम आहे. १९८५ सालीं या मंडळांनीं जगांतील सर्व मुलांस पोलिओची लस मिळावी म्हणून मोहीम आरंभिली. पुढें जागतिक आरोग्य संघटना व अनेक सरकारें या कार्यांत एकत्र आलीं. आपल्याकडे त्या रविवारीं तान्ह्यांस दोन थेंब पाजून करंगळीस शाईची खूण करीत, हें पालकांच्या स्मरणांत असेल. नैसर्गिक विषाणूमुळें झालेल्या पोलिओचा भारतांतील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि ता. २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. हें यश एकट्या रोटरीचें नव्हे; सरकारी परिचारिका व दारोदार हिंडणाऱ्या सेविका यांचा वांटा मोठा आहे.

बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं ‘इंटरॅक्ट’ ही शाखा १९६२ पासून आहे. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं तिच्या मुलांनीं वेशीवरील पाटी नव्यानें रंगवून घेतली. रंगारी वस्ताद होता. दांते बरोबर चोवीस काढले, आरे सहा. मधली खांच मात्र त्यास चूक वाटली, आणि त्यानें ती नीट गोल करून बुजविली. मुलांनीं त्यास पुन्हां शिडीवर चढविलें.