घामाचा हिशेब आणि मालिशीचं श्रेय

खरसुंडीच्या यात्रेतलं कुस्तीचं मैदान असो की बागेतली डाळिंबाची छाटणी, दुसऱ्या दिवशी अंग आंबलं की आटपाडी तालुक्यात उपाय ठरलेला आहे: तेल लावून अंग रगडून घ्यायचं. हल्ली त्याला एक सल्ला जोडला जातो. मोबाईलवरच्या व्हिडिओंतून तो घरोघर पोचला आहे. मालिश झाल्यावर भरपूर पाणी प्या, म्हणजे स्नायूंतून सुटलेलं विष लघवीवाटे निघून जाईल. पाणी पिण्यात गैर काही नाही. विषाची गोष्ट मात्र खरी नाही, आणि तिच्यामुळे पाण्याचं खरं काम झाकून जातं.

हे विष म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर बहुतेक वेळा लॅक्टिक ॲसिडचं नाव पुढे येतं. जोर-बैठका मारताना स्नायूंत लॅक्टेट, म्हणजे याच ॲसिडचं शरीरातलं रूप, तयार होतं हे खरं आहे. पण ते विष नाही, इंधन आहे. हृदय आणि इतर स्नायू ते जाळून शक्ती मिळवतात, उरलेल्याची यकृत पुन्हा साखर करतं. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातलं त्याचं प्रमाण जवळपास पूर्ववत होतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. तासाभरात संपलेली गोष्ट परवाच्या दुखण्याला कारण कशी असेल? ते दुखणं येतं सवयीपेक्षा जास्त ताण पडून स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांतून आणि त्या भरून येताना होणाऱ्या दाहातून. बैठक मारताना खाली जाण्याच्या किंवा टेकडी उतरण्याच्या हालचालीने हे जास्त होतं, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो.

मालिशीने लॅक्टिक ॲसिड पिळून निघतं का, हे कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात तपासलं गेलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उलटंच दिसलं. चोळताना पडणाऱ्या दाबामुळे स्नायूतला रक्तप्रवाह कमी झाला आणि ॲसिड बाहेर पडण्याचा वेग मंदावला. म्हणून मालिश निरुपयोगी ठरत नाही. तिने दुखणं थोडं कमी जाणवतं, अंग सैलावतं, झोप चांगली लागते. तालमीत पिढ्यान् पिढ्या मालिश टिकली ती या अनुभवावर, आणि तो अनुभव खरा आहे. तिला विष काढण्याचं श्रेय चिकटवायची गरज नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करतात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. मालिशीनंतरच्या दोन पेल्यांनी त्यात मोठा फरक पडत नाही.

मग पाण्याचं काम कोणतं? स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. घामातून पाणी गेलं की रक्तातला द्रव घटतो. तेवढ्याच रक्तात हृदयाला स्नायूही पोसायचे असतात आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही रक्त पुरवायचं असतं. शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की दमसास कमी पडू लागतो. व्यायामानंतर स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा पुन्हा भरतात, तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी सोबत साठतं. डाळीतली, दुधातली प्रथिनं दुरुस्तीच्या जागी पोचतात तीही रक्तातूनच. म्हणजे पाणी लागतं ते कामाआधी, काम चालू असताना आणि पुढच्या दिवसभरात.

मालिशीशी पाण्याचा थेट संबंध एकच, आणि तो अगदी साधा आहे. अंगात पाणी कमी असताना बराच वेळ पडून मालिश घेतली आणि झटकन उठलं, तर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून आधी थोडं पाणी प्यावं आणि क्षणभर बसून मग उठावं.

आटपाडीसारख्या माणदेशातल्या गावांत एक अडचण आहे, जी कोकणात नाही. रत्नागिरीत घाम अंगावरून ओघळतो, दिसतो. इथल्या कोरड्या हवेत तो फुटताक्षणी वाळतो, आणि ‘मला फारसा घाम येत नाही’ असं माणूस मनापासून म्हणतो. बनियनवरचे मिठाचे पांढरे डाग बघा, नाहीतर सरळ वजनकाटा वापरा. 60 किलोचा पैलवान सरावानंतर 58.8 किलो भरला, तर 2 टक्के पाणी गेलं. गेलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, म्हणजे इथे साधारण दीड ते पावणेदोन लिटर, पुढच्या काही तासांत घोटाघोटाने भरून काढायचं. दिवसाला आठ पेल्यांचा नियम याहून कमी कामाचा. त्याचं मूळ बहुधा 1945 च्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. तिच्यात अडीच लिटरचा आकडा होता, पण यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं हेही लगेच पुढे सांगितलं होतं. ते वाक्य वाटेत गळलं.

नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर घटलेलं होतं. त्यामागचं मोठं कारण गरजेपेक्षा जास्त पिणं हे होतं. घामातून मीठही जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक किंवा साखर-मिठाचं लिंबू सरबत इथे नुसत्या पाण्याहून सरस. दूधही शरीरात जास्त वेळ टिकतं, तेव्हा तालमीतल्या थंडाईला शास्त्राचाही आधार आहे. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देण्याची आपली रीतही चांगलीच. चिमूटभर मीठ पडलं तर आणखी चांगली, कारण आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या साथीने पाणी आत ओढून घेतात. चहाने शरीर कोरडं पडतं ही भीती नेहमीच्या दोन-तीन कपांपुरती सोडून द्यावी. पायात गोळा आला की पाणी कमी पडलं, असंही दर वेळी नसतं. थकलेल्या स्नायूला मेंदूकडून-मज्जारज्जूकडून जाणारे इशारे बिघडणं हेही एक कारण मानलं जातं, आणि पाय हळूच ताणून धरला की बहुधा आराम पडतो.

या सगळ्यात मला सर्वांत घातक वाटते ती वजनगटात बसण्यासाठी घाम काढून कोरडं होण्याची सवय. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच कारणाने दगावले. हवा आत-बाहेर होऊ न देणारे कपडे घालून, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. मैदानाची ओढ आपल्याकडेही आहे. आटपाडी तालुक्यातल्याच करगणीच्या सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्यांच्यामागून याच मुलखातली पोरं मैदानात उतरतात. त्यांना कोणी ‘पाणी पिऊ नको, दम जातो’ असं सांगत असेल, तर पालकांनी आणि वस्तादांनी ते थांबवायला हवं. तहान लागली की सरावाच्या मध्येही प्यायचं, घामेजल्या अंगानेही प्यायचं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

एक लक्षण घरात सगळ्यांना माहीत हवं. अचानक शेकडो बैठका मारल्यावर किंवा उन्हात अतिश्रम झाल्यावर स्नायू कमालीचे दुखू-सुजू लागले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलेलं असू शकतं. ते मूत्रपिंडं निकामी करू शकतं. अशा वेळी अंग रगडायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचं आणि किती व्यायाम, किती ऊन, शेवटची लघवी कधी, हे डॉक्टरांना सांगायचं.